हाटेलात राहिलेला पैलवान

त्या काळी आमच्या उमापुरात नाव घेण्याजोगे पैलवान दोनच होते. एक तो आणि एक मी. आज गावात कुणालाही विचारा, लोक एकालाच ओळखतात, आणि तो मी नाही.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना ती तुमच्या ध्यानात राहील. मी त्याला पाडत होतो. तालमीत पाडलं, जत्रेत पाडलं, गेवराईच्या बाजारात परक्या मातीवर पाडलं. त्यानं मला एकदाही पाडलेलं नाही. तरी विलायतेला गेला तो, आणि तिथल्या बादशाही हाटेलात राहून आला तोच.

आमच्या शेजारच्या जहागिरीचे मालक कुस्तीचे मोठे शौकीन. सगळे त्यांना सरकार म्हणायचे. त्यांना हैदराबादेत कुणी साहेब भेटला आणि म्हणाला, हिंदुस्थानचा पैलवान लंडनला आणा, तिथल्या पैलवानाबरोबर जोड लावू. सरकारांनी आम्हा दोघांना देवडीवर, म्हणजे त्यांच्या वाड्यावर, बोलावलं. अंगणात माती टाकली होती. सरकार गादीवर बसले आणि आमची कुस्ती लागली. मी त्याला घिस्सा डावावर चीत केलं. अंगाची माती न झटकता सरकारांपुढे जाऊन उभा राहिलो. वाटलं, आता हे म्हणतील, चल.

सरकार माझ्याकडे बघतच नव्हते. तो मागे उठून उभा राहत होता, त्याच्याकडे बघत होते. तो उठायचा तेव्हा खरंच बघण्यासारखा उठायचा. सहा फुटांच्या वर उंची, उजळ रंग, दाराएवढी छाती, मिशा अशा की त्यांना वेगळा खुराक असावा. आणि मी? बुटका, मान खांद्यात गेलेली, मातीत घासून घासून कान मोडलेले, एक डोळा जरासा तिरळा.

सरकार मला म्हणाले, "जीतेंगा तो तूइच. मगर तेरे कू देखेंगा कौन?"

हे वाक्य मी पुढे आयुष्यभर चावत राहिलो.

तो निघाला त्या दिवशी गावानं हलगी वाजवली. बैलगाडीनं शहागडपर्यंत, तिथं नावेतून गोदावरीपार, मग जालन्याला आगगाडी, मग मुंबई, मग समुद्र. तालमीच्या वस्तादांनी मला सांगितलं, "जोडीदार हायेस, त्याचं सामान तूच चढव." त्याच्या बदामांचं गाठोडं मी माझ्या हातानं गाडीत ठेवलं. त्यानं मला मिठी मारली आणि म्हणाला, "तू असतास तर बरं झालं असतं गड्या." मी मनात म्हटलं, मग उतर की गाडीतून.

पेरणीला गेलेला माणूस ज्वारी काढायला आली तेव्हा परत आला. सगळा गाव वेशीवर. कुणीतरी ओरडून विचारलं, "कुस्तीचं काय झालं?"

"न्हाई झाली," तो म्हणाला. "त्या गोऱ्याचा खांदा निखळला दुसऱ्या कुस्तीत. आमी वाट बगितली आन् आलो."

मी गर्दीत मागे उभा होतो. ते ऐकून माझ्या छातीत इतका गारवा पसरला की विचारू नका. गेला तसा आला! एवढा समुद्र ओलांडून मातीला अंग न लावता आला! आता याला कोण विचारतंय, असं मनाशी म्हणत मी घराकडे वळणार, तेवढ्यात तो म्हणाला, "पन बाप्पांनो, हाटेल काय होतं!"

त्या दिवसापासून कुस्तीचं कुणी विचारलं नाही.

कुस्ती लांबत गेली तेव्हा सरकार घोड्यांच्या शर्यती बघत हिंडायचे आणि हा हाटेलात असायचा. नोकर म्हणून नाही. सरकारांनी त्याला पाव्हणा म्हणूनच उतरवलं होतं, स्वतंत्र खोलीत, कारण विलायतेच्या पैलवानांचा तसाच थाट असतो असं त्यांना कुणी सांगितलं होतं. ज्याला आमच्या गावात पाटलांचा गडीसुद्धा "ए" म्हणून हाक मारायचा, त्याला तिथं दारातला माणूस "सर" म्हणायचा. हा दारातला माणूस लांब कोट घालायचा, त्याला सोन्याच्या रंगाची बटणं. पहिल्या दिवशी यानं त्याला बादशहाचा कुणी सरदार समजून वाकून मुजरा केला. त्यानं उलट सलाम ठोकला. याला वाटलं, आपला मुजरा कमी पडला, म्हणून आणखी वाकला. तोही वाकला. मग राहिला तोपर्यंत दोघांचा हा नेम रोज चालला होता म्हणे, आणि निघताना तो दारवान रडला म्हणे. आता रडला की नाही ते बघायला मी तिथं नव्हतो. तेच तर दुखणं.

खोलीच उचलून वरच्या मजल्यावर नेणारा पिंजरा, भिंतीतून येणारं ऊन पाणी, पाय बुडेल असा गालिचा, हे सगळं तो सांगायचा. पण लोक खरे जीव कानात आणून ऐकायचे ते जोर-बैठकांचं. पहिल्याच सकाळी यानं खोलीत जोर मारायला सुरुवात केली. खालच्या खोलीत एक म्हातारी मडम उतरली होती. तिच्या डोक्यावर छत हादरायला लागलं. ती ओरडत बाहेर आली, तिला वाटलं भूकंप. हाटेलाचा मालक वर आला. आमच्याकडे असता तर शिव्या दिल्या असत्या. त्यानं काय करावं? हात जोडल्यासारखे केले आणि याला खाली एका दिवाणखान्यात घेऊन गेला. तिथं संध्याकाळी गोरे लोक बायकांबरोबर नाचायचे. सकाळी तो मोकळा असायचा. "इथं करा," म्हणाला. चारी भिंतींना आरसे.

"म्या आयुष्यात कदी आख्खा दिसलो न्हवतो मला," तो सांगायचा. "न्हाव्याच्या आरशात नाक दिसलं तर कान न्हाई. आन् तिथं बगतो तर पुढं मी, मागं मी, बाजूला मी. एक जोर मारला की पन्नास पैलवान खाली जायचे, पन्नास वर यायचे."

इथं ऐकणारे आणखी पुढं सरकायचे. मीही सरकायचो. घरी येऊन मी हंड्यातल्या पाण्यात वाकून बघायचो. पाण्यात माझा तिरळा डोळा तेवढा दिसायचा.

तिथून आला तो माणूस वेगळाच आला. दार उघडं असलं तरी टकटक केल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. आमच्याकडे माणूस खाकरून आत येतो. हा उघड्या दाराच्या चौकटीवर बोटानं वाजवायचा आणि वाट बघत उभा राहायचा. गोठ्यात जाताना गोठ्याच्या मेढीवर वाजवायचा. बैल मान वर करायचे, मग हा आत जायचा. निजताना जोडा दाराबाहेर ठेवायचा. हाटेलात म्हणे सकाळी तो चकचकीत होऊन मिळायचा. उमापुरात एक जोडा कुत्र्यानं नेला. लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी यानं उरलेला एक पुन्हा बाहेर ठेवला आणि म्हणाला, "रीत ती रीत." समुद्र ओलांडला म्हणून भटजींनी त्याला पंचगव्य प्यायला दिलं, तर ते पिऊन तोंड पुसून भटजींना "थँक्यू" म्हणाला. भटजींनी ते इतकं मनावर घेतलं की पुढे देवळात तीर्थ घेतल्यावर लोक थँक्यू म्हणतात का याची वाट बघायची त्यांना सवय लागली.

दिवस कुठलाही असो, वेळ कुठलीही असो, समोर माणूस आला की "गुड मार्निंग." दिवेलागणीलासुद्धा.

मला वाटायचं, लोक कंटाळतील. एक पावसाळा जाईल, दुसरा जाईल. कुणी कंटाळलं नाही. उलट लांबून माणसं यायला लागली. दिंद्रुडचे व्यापारी, वडवणीच्या बाजाराला जाणारे कापडवाले, माजलगावचे मौलवीसाहेब, सगळे वाकडी वाट करून त्याच्या ओसरीवर टेकायचे. मी तोवर किती कुस्त्या मारल्या! परभणीच्या पैलवानाला कलाजंग डावावर आभाळ दाखवलं. परत आलो तर वेशीतला म्हातारा म्हणतो, "कुठं गेलता बे? आज त्यानं त्या मडमीची गोष्ट लई रंगवून सांगितली."

एक दिवस मी जेवायला बसलो. ताटाशेजारी काहीतरी पांढरं. बघतो तर माझ्याच पंच्याची घडी घालून बायकोनं कमळ केलेलं. हाटेलात म्हणे प्रत्येकाच्या ताटाशी असं कमळ असायचं. यानं ते गावातल्या बायकांना शिकवलं होतं.

"हे काय हाय?" मी विचारलं.

"मांडीवर घ्यायचं. सांडलं तर धोतर खराब होत न्हाई," ती म्हणाली. आणि हळूच, "छान दिसतं ना?"

मी पंचा उलगडला, खांद्यावर टाकला आणि भाकरी मोडली. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी येऊन बसला होता तो. त्याच दिवशी मी ठरवलं, याला सगळ्या गावासमोर पाडायचं.

दर्ग्याच्या उरुसात मी त्याला जोड मागितली. तो नाही म्हणेल असं वाटलं होतं. तो लगेच हो म्हणाला. उरुसाला एवढी माणसं त्याआधी मी बघितली नव्हती. सरकारही आले. सलामी झाली, शड्डू ठोकले, हातात हात आले, आणि मला पहिल्या झटक्यात कळलं की हे अंग आता मेहनतीचं राहिलेलं नाही. मिशा तशाच होत्या. खांदे लोण्याचे झाले होते. त्यालाही कळलं की मला कळलं. डोक्याला डोकं लागलेलं असताना तो माझ्या मोडक्या कानात पुटपुटला, "पाडनारच हाईस. पन जरा येळ लाव गड्या. लोकं लांबून आल्यात."

मी येळ लावला नाही. हलगीवाल्यानं नीट ताल धरायच्या आत त्याची पाठ मातीला टेकवली.

हलगी थांबली. मी त्याच्या छातीवरून उठलो आणि दोन्ही हात वर केले. तेवढ्यात तो उठला, नेहमीसारखा बघण्यासारखा उठला, माती झटकली आणि उजवा हात पुढे करून मोठ्यानं म्हणाला, "वेल डन!"

त्याचा अर्थ कुणाला कळला नाही. पण असं काही जमलेल्यांनी कधी ऐकलं नव्हतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मला वाटलं माझ्यासाठी. मग बघितलं तर लोक त्याला खांद्यावर घेत होते. सरकारांनी मला फेटा बांधला खरा, पण बांधताना मान त्याच्याकडे. माझा सख्खा भाऊ धावत माझ्यापाशी आला. मी खाली वाकलो, त्याला मला उचलायचं असेल म्हणून.

"त्याला लागलं न्हाई ना रं?" भावानं विचारलं.

मग पुढचं वर्ष आलं आणि सरकार पुन्हा विलायतेला निघणार अशी बातमी पसरली. मी ती कानाआड केली. एका सकाळी माझ्या उघड्या दाराच्या चौकटीवर टकटक झाली.

"ये की आत. दार काय तुज्यासाठी लावू व्हय?" मी ओरडलो.

तो आत आला, खाली बसला. "देवडीवर गेलतो. सरकारला सांगून आलो, या बारीला माझ्या जोडीदाराला न्या. लढनारा हा हाय. सरकार हौ म्हनाले."

तुम्ही म्हणाल, मी उठून त्याच्या गळ्यात पडलो असेन. माझ्या अंगाची आग झाली. जे माझं होतं, माझ्या हक्काचं होतं, ते आता हा मला वाढत होता, पंगतीत वाढतात तसं. मला ओरडावंसं वाटलं, तू कोण मला देणारा? पण विलायतेला जायचं होतं. मी म्हणालो, "बरं."

"मग उद्यापासून माझ्याकडं ये. शिकावं लागंल."

"मला कुस्ती शिकवतोस बे?"

"कुस्ती सोपी हाय तिथं," तो गंभीरपणे म्हणाला. "जेवन अवघड हाय."

आणि मी रोज त्याच्या घरी जायला लागलो. त्यानं सुताराकडून लाकडाचा काटा करून घेतला होता. तो मी डाव्या हातात धरायचा आणि उकडलेला बटाटा खायचा. बटाटा उडायचा, त्याची बायको तोंडाला पदर लावायची, आणि तो मात्र हसायचा नाही. जमिनीवरून बटाटा उचलून पुन्हा ताटात ठेवायचा. "घाई करू नको. तिथं कुनाला घाई नसती." त्यानं बाजेवर वाकळांवर वाकळा टाकून मला त्यात झोपायला लावलं. "अंग आत जातं. बुडालो असं वाटतं. पन बुडत न्हाई मानूस. घाबरायचं न्हाई." घाबरला होता तर! हे त्यानं ओसरीवर कधी सांगितलं नव्हतं.

त्या वाकळांत पडल्या पडल्या मी त्याला जे कुणी विचारत नव्हतं ते विचारलं. "कुस्ती झाली असती तर?"

तो बाजेच्या कडेला बसला होता. त्यानं माझ्या अंगावरची वाकळ सारखी केली. मग म्हणाला, "पडलो असतो."

"कशावरून?"

"तो गोरा हाटेलात आलता मला बगायला. खांदा निखळायच्या आदी. आमी चहा प्यालो. बुटका होता, मान न्हाई, कान मोडलेले. हुबेहूब तूच, फकस्त रंग गोरा. मी त्याचा हात हातात घेतला आन् समजलं, आपलं काय खरं न्हाई. त्याचा खांदा निखळला असं कळलं तवा म्या त्या आरशांच्या खोलीत जाऊन बसलो. रडलो का हसलो, ध्यानात न्हाई. म्हनून म्हनतो, तू जा. तू त्याला मारशील."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण तो फार टिकला नाही, कारण लगेच मनात आलं: त्या गोऱ्याबरोबर चहासुद्धा हाच प्याला.

माझा कोट शिवून आला. काट्यानं बटाटा तोंडापर्यंत जायला लागला. आणि एक दिवस देवडीवरून माणूस आला. कुठल्या कुठल्या बादशहांचं लंडनच्या बाजूला युद्ध पेटलं होतं. सरकारांचा निरोप होता, "जंग छिड गई. अबी जहाज नक्को."

युद्ध संपलं तोवर सरकार थकले होते आणि माझा गुडघा गेला होता. पुन्हा कुणी विलायतेचं नाव काढलं नाही. तोही पुन्हा गेला नाही, पण त्याला जायची काय गरज होती? तो एकदा जाऊन आला होता.

पुष्कळ वर्षं गेली. त्याला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. हाटेलाची गोष्ट ऐकायला माणसं मात्र येतच राहिली. आता बापाकडून ऐकलेली पोरं मोठी होऊन यायला लागली. एकदा त्याच्या बायकोनं मला बोलावणं पाठवलं. म्हणाली, "भावजी, पाव्हणे आल्यात. यांना सांगता येत न्हाई. तुमाला सगळं पाठ हाय."

पाठ होतंच. दाताखाली खडा धरून ऐकलेली गोष्ट माणूस विसरत नाही. मी सांगितली. तेव्हापासून कुणी आलं की मलाच बोलावणं. मी जायचो. खरं सांगायचं तर, सांगत असेपर्यंत सगळ्या माना माझ्याकडे असायच्या, म्हणून जायचो. तो बाजेवर पडून ऐकायचा. माझं काही चुकलं की डावं बोट उचलायचा. गालिचा हिरवा म्हटलं की बोट वर. लाल म्हटल्यावर खाली.

शेवटचा पाहुणा दिंद्रुडचा, कापसाचा व्यापारी, पोरसवदाच. मी त्याला सगळं सांगितलं. तो मांडी घालून, तोंड उघडं ठेवून ऐकत होता. गोष्ट संपली तसं त्यानं विचारलं, "बरं, पन कुस्ती कुनी मारली?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पैलवानाची बायको चुलीपाशी थांबली. मी बाजेकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. मग त्यानं डावा हात उचलला. हळूहळू वर नेला, वळवला, आणि माझ्याकडे बोट केलं.

व्यापारी माझ्याकडे वळला. "आँ? तुमीबी गेलते व्हय विलायतेला?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी न्हाई गेलतो. तिथं कुस्ती झालीच न्हाई."

व्यापाऱ्यानं पुन्हा बाजेकडे बघितलं. हात तसाच वर, बोट माझ्याकडे. मी म्हणालो, "ठेव आता खाली, दुखंल." त्यानं ठेवला नाही. डोळे माझ्यावर रोखलेले. शेवटी त्याची बायको उठली, तिनं तो हात आपल्या हातांत घेतला आणि हळूच वाकळेवर ठेवला.

व्यापाऱ्याला काय समजलं देव जाणे. तो उठला, बाजेपाशी गेला, वाकला आणि दोन्ही हात त्याच्या पायांना लावून नमस्कार केला. मग पागोटं सारखं करत माझ्याजवळून दाराकडे जाताना जरासा थांबला.

"सांगता मातर लई चांगलं बगा तुमी," तो मला म्हणाला.